पालथ्या माणसाची पोथी

त्या पुस्तकाचा मला पहिल्या पानापासून राग होता. पहिलं पान म्हणजे नकाशा. नसलेल्या देशाचा, नसलेल्या नद्यांचा, आणि त्यावर नसलेल्या भाषेतली नावं, प्रत्येक नावाच्या मधोमध एक लटकता स्वल्पविराम. नकाशा संपला की चार पानं वंशावळ. वंशावळ संपली की राजाच्या खापरपणजोबाने कुठल्या डोंगरावर कुठली तलवार पुरली ते. इंग्रजीत, बारीक टायपात, एक हजार चौदा पानं. हे लिहिणाऱ्या माणसाला घरातलं कुणी कधी भाजी आणायलासुद्धा पाठवत नसणार.

पुस्तक माझं नव्हतं, माझ्या मोठ्या भावाचं होतं. बोरिवलीला त्याच्या सोसायटीतलं कुणीतरी घर बदलून गेलं आणि नको असलेल्या वस्तू जिन्याखाली ठेवून गेलं, त्यात दादाला ते सापडलं. दादा दहावीपर्यंत शिकलेला. नंतर कांदिवलीच्या एका औषधाच्या कारखान्यात पस्तीस वर्षं फिटर. निवृत्त झाल्यावर त्याने ठरवलं, आता इंग्रजी वाचायला शिकायचं. आणि शिकायचंच आहे तर जाड पुस्तक घ्यावं, म्हणजे एकातच सगळे शब्द येऊन जातील, असा त्याचा हिशेब. शेजारी डिक्शनरी, हातात पेन्सिल, आणि प्रत्येक अडलेल्या शब्दाच्या डोक्यावर मराठी अर्थ. दोन वर्षांत तो तीनशे शहाऐंशी पानांपर्यंत पोचला होता.

तिथे त्याच्या डाव्या डोळ्याच्या पडद्याला भोक पडलं. उजव्या डोळ्याची नजर साखरेने आधीच खाल्ली होती, त्यामुळे वाचायचा डोळा तो एकच. ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी डोळ्यात गॅसचा बुडबुडा सोडला आणि सांगितलं, आता दहा दिवस पालथं पडायचं. झोपताना पालथं, बसलात तरी मान खाली. बुडबुडा वर चढतो, त्याने आतून भोकावर दाबून बसायला हवं. जेवायला आणि संडासला उठायचं तेवढंच. हे नीट केलंत तर भोक बुजेल, नाहीतर या डोळ्याने वाचणं विसरा.

दुसऱ्याच दिवशी वहिनींचा फोन आला. "भावोजी, हे ऐकत नाहीत हो. दर पाच मिनिटांनी उठून बसतात. म्हणतात, जमिनीकडे बघून काय करू? टीव्ही चालत नाही, पेपर चालत नाही. तुम्ही या. ते पुस्तक तरी वाचून दाखवा, म्हणजे पडून राहतील."

मी मुलुंडला राहतो. मुलुंड आणि बोरिवली यांच्या मधे बिबळ्यांचं जंगल आहे, आणि खरं सांगायचं तर इतकी वर्षं ते मधे आहे हे मला बरं वाटत आलेलं आहे. दादा माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठा. वडिलांची छाती गिरणीतल्या कापसाने भरली तेव्हा त्याने शाळा सोडली, आणि त्याने सोडली म्हणून मी शिकलो. हे त्याने कधी बोलून दाखवलं नाही. न बोलताही ते घरभर असायचं. मी बी.ए. झालो, सरकारी ऑफिसात लागलो, बत्तीस वर्षं इंग्रजी पत्रांचे मसुदे केले, आणि तरी त्याच्यासमोर गेलो की माझ्या शर्टाचं बटण उघडं आहे की काय असं मला वाटायचं. नाही म्हणायची सोय नव्हती. लिंक रोडच्या रखडत्या बसने मी निघालो.

दादा उंच पलंगावर आडवा, पालथा. डोकं पलंगाच्या कडेबाहेर, कपाळ वहिनींनी उशी बांधलेल्या स्टुलावर. त्याचं तोंड जमिनीकडे, म्हणून त्याला ऐकू जावं यासाठी मी खाली चटईवर बसायचं. म्हणजे एकसष्ट वर्षांचा मी जमिनीवर मांडी घालून, आणि माझ्या डोक्यावर फूटभर अंतरावर त्याचा पट्टी बांधलेला चेहरा.

"इलंस? बस," तो म्हणाला. "वाच आणि अर्थ सांग. पोथयेसारखा."

हे कळायला आमची लालबागची चाळ माहीत हवी. श्रावणात तिथे पोथी लागायची. एकाने ओवी वाचायची, दुसऱ्याने साध्या बोलीत अर्थ सांगायचा, बाकीच्यांनी "हं" म्हणायचं, की पुढची ओवी. दादा वाचायला असायचा. नियम दोनच. एकदा लावलेली पोथी समाप्तीशिवाय बंद करायची नाही आणि अर्थ सांगणाऱ्याने ओवी गाळायची नाही. गाळली तर घरात काहीतरी वाईट होतं म्हणत. मी तेव्हा सात-आठ वर्षांचा. पाय आखडून जायचे, आणि ते "हं" ऐकलं की मला उठून पळावंसं वाटायचं. माझा त्या गोष्टींवर तेव्हाही विश्वास नव्हता.

आता त्याच माणसाने तोच कारभार एका रद्दी कादंबरीसाठी मांडला होता. मी इंग्रजी परिच्छेद वाचायचा, मराठीत अर्थ सांगायचा, वरून "हं" यायचं. मी पुढे वाचायचं. सकाळी अकरा ते संध्याकाळी पाच, मधे जेवण. पण एक कबूल करायला हवं, वाचत असेपर्यंत तो हलायचा नाही. वहिनी स्वयंपाकघराच्या दारातून बघून जायच्या आणि मला हात जोडायच्या. डोळा माझ्या आवाजावर टिकून आहे हे घरात तिघांनाही ठाऊक होतं.

आणि पुस्तक! एखाद्या वेशीचा दरवाजा उघडायला तीन पानं. मेजवानी असली की प्रत्येक वाडग्यात काय आहे ते, आणि असतं काय, तर उकडलेले कंद. पाचशेव्या पानावर डोंगर ओलांडायला निघालेली माणसं साडेपाचशेव्या पानावर त्याच डोंगराच्या पायथ्याशी थंडीबद्दल बोलत बसलेली. त्यापेक्षा माझी बस बरी, ती निदान पोचायची. सगळे एकतर राजपुत्र, नाहीतर आपण राजपुत्र आहोत हे ठाऊक नसलेले राजपुत्र. कुणी साधं बोलत नाही. पाणी मागायचं तरी आधी पूर्वजांची शपथ. आणि यात भर म्हणून एक गाणारा.

हा गाणारा कुठल्याशा चांभाराचा मुलगा. राजघराण्याशी याचा काही संबंध नाही, हातात शस्त्र नाही, सैन्यामागून चालत जायचं आणि कुणी दमलं की गायचं, एवढंच काम. गाणी पानपानभर. दादाने वाचलेल्या तीनशे शहाऐंशी पानांत जिथे जिथे हा आला होता तिथे समासात पेन्सिलीची बरोबरची खूण होती. मी न विचारताच दादा एकदा म्हणाला, "ह्यो एकटोच त्यातलो माणूस आसा." मला तो सगळ्यात जास्त डोक्यात जायचा. राजे निदान मुकाट्याने मरायचे.

चौथ्या दिवशी मी पहिली लढाई गाळली. पंधरा पानं होती. "मग मोठी लढाई झाली आणि आपले जिंकले," एवढा अर्थ सांगितला. वरून "हं" आलं. मला इतका आनंद झाला की पाचव्या दिवशी मी एक मेजवानी, एक वंशावळ आणि एक भविष्यवाणी गाळली. घरात काही वाईट झालं नाही. दादा पालथा तो पालथाच. माझ्या मते सगळ्यांचंच भलं चाललं होतं.

सहावा दिवस शुक्रवार होता. बस तासभर उशिरा पोचलेली, गुडघे दुखत होते. वेढा पडलेल्या किल्ल्याचा भाग चालू होता आणि मी अर्थ सांगितला, "मग त्यांनी किल्ल्याचा दरवाजा उघडला."

"दरवाजो नाय," वरून आवाज. "दिंडी. मोठ्या दरवाजातलो बारको दरवाजो. तीनशेचाळीस पानार पेन्सिलीन लिवलेला आसा, बग."

मी मागे जाऊन पाहिलं. त्या इंग्रजी शब्दाच्या डोक्यावर त्याच्या फिटरच्या अक्षरात लिहिलं होतं, 'दिंडी'. बरोबर होतं. बत्तीस वर्षं इंग्रजी लिहून मला तो शब्द ठाऊक नव्हता.

"घाई कित्याक करतंस?" तो पुढे म्हणाला. "तुका पयल्यापासून दम नाय. पोथी ऐकूक बसलंस काय चुळबुळ सुरू."

माझं पित्त खवळलं. मी सहा दिवस जंगलाला वळसा घालून येतो, जमिनीवर बसतो, हे भिकार पुस्तक दोन भाषांत चावून तुझ्या कानात घालतो, आणि वर मलाच दम नाही? मी पान उलटलं. किल्ल्याच्या बुरुजावर गाणारा उभा होता आणि गाणं सुरू होत होतं. पुढची पानं चाळली. सहा पानं गाणं.

मी पहिली ओळ वाचली, अर्थ सांगितला. दुसरी वाचली, अर्थ सांगितला. आणि मग कागदावर काहीही नसताना, अगदी वाचनाच्या आवाजात, मी म्हणालो, "एवढ्यात खालून एक बाण आला आणि त्याच्या गळ्यात घुसला. तो बुरुजावरून खाली कोसळला."

वरून "हं" आलं नाही.

"मेलो?"

"मेला."

"गाणा पुरा झाला?"

"नाही."

मी खालून त्याच्याकडे बघत होतो. पट्टीखालचं तोंड मिटलेलं होतं. मग म्हणाला, "बंद कर. उद्या येव नको."

मला वाईट वाटलं असेल असं तुम्हाला वाटत असेल, तर तसं काही झालं नाही. मला सुट्टी मिळाली होती. चार वाजताची बस पकडून मी घरी आलो, बायकोला सांगितलं, उद्या बांगडे आण. गाणारा मेला, सहा पानं वाचली, आणि दादाला जन्मात पहिल्यांदा मी गप्प केलं होतं. ही शेवटची गोष्ट सगळ्यात गोड लागली हे आज लिहायला लाज वाटते, पण तशी ती लागली.

शनिवारी सकाळी वहिनींचा फोन. "काल तुम्ही गेल्यापासून हे उताणे पडलेत, भावोजी. रात्रभर उताणेच. छताकडे बघत पडलेत. काय बिनसलंय ते सांगत नाहीत, मी बोलले की ओरडतात. येता का?"

मी घड्याळ बघितलं. साडेदहा. तव्यावर बांगडे चढायचे होते. सत्तरीला टेकायला आलेला माणूस एका कादंबरीतल्या फडतूस गवयासाठी रुसून बसतो आणि त्यासाठी मी पुन्हा तो लिंक रोड करायचा, हे माझ्या डोक्यात मावेना. मी म्हणालो, "वहिनी, त्याला थोडा राग येऊ दे, उतरेल. मी उद्या येतो."

"बरं," त्या म्हणाल्या. त्या कधी दुसऱ्यांदा सांगत नाहीत.

रविवारी मी गेलो तेव्हा तो पुन्हा पालथा होता. वहिनींनी कसं जमवलं मी विचारलं नाही. मी पुस्तक उचललं तर म्हणाला, "तां नको. पेपर वाच." उरलेले दिवस मी पेपर वाचला, निविदा आणि निधनवार्तांसकट. त्यात अर्थ सांगायचा नव्हता आणि तो "हं" म्हणत नव्हता. दहावा दिवस संपला, मी मुलुंडला परतलो. डोळ्यातला बुडबुडा विरायला तीन आठवडे लागले. त्या तीन आठवड्यांत मी एकदाही बोरिवलीला गेलो नाही. फोनवर विचारायचो, वहिनी सांगायच्या, अजून धुरकट आहे, डॉक्टर म्हणतात थांबा.

तपासणीला मी त्यांच्याबरोबर गेलो. डॉक्टरांनी स्क्रीनवर पडद्याचं चित्र दाखवलं. ते भोक मलाही दिसलं. भोक बुजलेलं नव्हतं.

वहिनींनी विचारलं, "पालथं राहण्यात काही चुकलं का हो?" त्या स्वतःचीच चूक शोधत होत्या.

"तसं सांगता येत नाही," डॉक्टर म्हणाले. "कधी कधी सगळं नीट करूनही होतं असं. पुन्हा ऑपरेशन करता येईल, पण यांची साखर बघता मी फार आशा दाखवणार नाही. कडेकडेचं दिसेल. मधलं दिसणार नाही. चालता-फिरता येईल. वाचन मात्र नाही."

ते पहिलं वाक्य मी घट्ट धरून ठेवलं. तसं सांगता येत नाही. रिक्षात बसेपर्यंत मी ते मनात दहा वेळा म्हणून घेतलं असेल. दादा माझ्या आणि वहिनींच्या मधे बसला होता आणि सिग्नलला थांबलो की बाहेरच्या दुकानांच्या पाट्यांकडे एकदा सरळ बघायचा, एकदा मान तिरकी करून बघायचा.

घरी आल्यावर तो खिडकीजवळच्या खुर्चीत ताठ बसला. पालथं पडायचं आता कारण उरलं नव्हतं. वहिनी चहा टाकायला आत गेल्या. मी निघायच्या बेतात होतो.

"पुस्तक काढ," तो म्हणाला.

"दादा, आज राहू दे."

"माका आता दुसरो कोण वाचून दाखवतलो? काढ. रवला थयसून वाच."

मी काढलं. शुक्रवारचं पान उघडलं. गाणारा बुरुजावर उभा होता, तिसऱ्या ओळीवर. अजूनही सुटता आलं असतं. गाणं दुसऱ्याच्या तोंडी घालायचं, एखाद्या शिपायाच्या, आणि पुढे चारशे पानं तो जिथे जिथे येईल तिथे शिपाई म्हणायचं. त्याला कळलं नसतं. आता तर कधीच कळलं नसतं. मी सुरुवातही केली, "मग त्या बुरुजावर दुसरा एक जण चढला..."

दादाने हात पुढे केला आणि माझ्या मांडीवरच्या पानावर बोट ठेवलं. "खंय आसा? ह्या ओळीर?" त्याने मान तिरकी केली, पुस्तक ओढून जवळ घेतलं, लांब धरलं, पुन्हा जवळ घेतलं. त्याचं बोट वरच्या कोऱ्या समासावर होतं. त्याला ओळ सापडत नव्हती.

"दादा," मी म्हणालो, "तो मेला नाही. बाण वगैरे काही आला नाही. ते मी सांगितलं."

"कित्याक?"

"गाणं सहा पानांचं होतं. मला कंटाळा आला होता. आणि तुझा राग आला होता."

वहिनी चहा घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांना सगळं ऐकू गेलं होतं. त्यांनी कप टीपॉयवर ठेवले, नीट, बशीसकट.

"त्या दोन रात्री मी यांच्या पाया पडत होते, भावोजी," त्या म्हणाल्या. "पालथे व्हा म्हणून. तुम्हाला फोन केला होता."

डॉक्टरांचं वाक्य मला आठवलं, आणि ते तिथे त्या दोघांसमोर मोठ्याने म्हणायची माझी छाती झाली नाही.

"तू जा गो आत," दादा वहिनींना म्हणाला. मग त्याने पुस्तक माझ्या मांडीवर परत ठेवलं. मी वाट बघत होतो की तो ओरडेल, शाळेचं काढेल, एकदाचं सगळं बाहेर काढेल. ते मला हवंच होतं.

"वाच," तो म्हणाला. "एक ओळ सोडू नको."

मी वाचलं. सहाच्या सहा पानं. गाणं वाईटच होतं, आजही मी तसंच म्हणेन, आणि चारशे पानं पुढे होती. दादा ताठ बसून ऐकत होता. प्रत्येक ओळीचा अर्थ सांगून झाला की तो "हं" म्हणायचा आणि माझ्याकडे बघायचा. मी अगदी त्याच्या समोर बसलो होतो, आणि तो बघायचा माझ्या कानाच्या बाजूला, भिंतीकडे, कारण तिथे बघितलं तरच मी त्याला थोडाफार दिसत होतो.